मॅडम बसल्या

डॉ. भामाबाई वाघमोडे आमच्याकडे रुजू होणार होत्या त्याच्या आदल्या दिवशी मी तीन कामं लिहून ठेवली होती. त्यांची खोली धुऊन घेणे. दारावर पाटी लावणे. खुर्चीचं मोडलेलं चाक बदलणे. पहिली दोन झाली. तिसरं त्या दिवशी राहून गेलं आणि पुढची सहा वर्षं राहिलं, कारण त्या खुर्चीवर कुणी बसलंच नाही.

मी सोलापुरातल्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात ओपीडीची व्यवस्था बघते. कोण पेशंट कधी येणार, कुणाचे रिपोर्ट आले, कुणाचे अडकले, तारखेला कोण आलंच नाही, हे सगळं माझ्याकडे. कामं लिहायची, झाली की रेघ मारायची, ही माझी पद्धत. माझ्यासारख्या बाईच्या कामात भामाबाई वाघमोडे आल्या, म्हणजे घड्या घालून ठेवलेल्या कपड्यांच्या कपाटात मांजर शिरावं तसं झालं.

मॅडम तोंडाच्या आणि गळ्याच्या कॅन्सरच्या सर्जन. ठेंगण्या, सावळ्या, चाळिशीच्या आसपास. सुती पंजाबी ड्रेस, पायात कापडी बूट, केस करकचून बांधलेले आणि गळ्यात नाडीला अडकवलेली लहानशी बॅटरी. त्यांच्याशी बोलायचं तर चालावं लागे. त्या वॉर्डातून ऑपरेशन थिएटरकडे निघालेल्या असत आणि मी कागद घेऊन शेजारून पळत असे. सह्या त्या भिंतीवर कागद टेकवून करत. चहा उभ्यानं घ्यायच्या आणि अर्धा पिऊन होईल तिथे कप ठेवून पुढे जायच्या. खिडकीत कप, जिन्याच्या कठड्यावर कप, एकदा तर आग विझवायच्या नळकांड्यावर कप. आमचा शिपाई इस्माईलभाई संध्याकाळी ट्रे घेऊन दवाखानाभर फिरायचा. "ताई, मॅडम कां कां गए, सब मालूम पडता," असं म्हणायचा. "कप देखते जाने का."

पाटीवर मी "डॉ. भामा वाघमोडे" असं लिहून घेतलं होतं. 'बाई' जरा जुनं वाटेल असं मला वाटलं. पहिल्याच दिवशी त्यांनी ती पाटी वाचली.

"मंगलताई, बाई कुठं गेली?"

"मला वाटलं, नुसतं भामा बरं दिसेल."

"आमच्या आजीचं नाव आहे ते. ती पूर्ण होती. पाटी पण पूर्ण करा."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पाटी पूर्ण झाली.

मॅडमना कुणाचंही बंद तोंड बघवत नसे. समोरचा माणूस बोलायला लागला की त्यांची नजर त्याच्या डोळ्यांकडे नसायची, दातांच्या मागे काय दिसतंय तिकडे असायची. पेट्रोल पंपावर, भाजीबाजारात, कुणाच्या बारशाला, त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे "आ करा." बँकेच्या खिडकीवर त्यांनी एका कॅशियरला असंच आ करायला लावलं होतं. मागे रांग. मॅनेजरांनी मला फोन केला, "तुमच्या डॉक्टरबाई आमच्या स्टाफला त्रास देतात." मी माफी मागितली. त्या कॅशियरच्या जिभेखाली पांढरा चट्टा होता. तो दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन ओपीडीत हजर झाला. चट्टा वेळेत निघाला, आणि पुढच्या वेळी मॅडम बँकेत गेल्या तेव्हा त्याच मॅनेजरांनी त्यांना आत बोलावलं आणि केबिनचं दार लावून स्वतः आ केला.

त्या मूळच्या माळशिरस तालुक्यातल्या, नातेपुत्याजवळच्या एका वाडीतल्या. घरी मेंढरं. शिक्षण मिरजेला, सर्जरी पुण्यात आणि शेवटची तीन वर्षं मुंबईच्या एका मोठ्या कॅन्सरच्या दवाखान्यात. तिथल्या शिक्षणाबद्दल त्या फार बोलत नसत. एक गोष्ट मात्र त्यांनी मला दोनतीनदा सांगितली, दर वेळी जिना चढताना. तिथल्या मोठ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना टाक्याची गाठ मारायला सांगितली. त्यांनी एका हातानं मारली. सरांनी विचारलं, "कुठल्या युनिटमध्ये शिकलीस?" मॅडम म्हणाल्या, "वाघरीवर." मेंढरं रात्री कोंडायची जाळी असते ना, ती वाघर. तिचे फाटलेले भाग जोडायचं काम घरात पोरींकडे असे.

"सर हसले. मग वर्षभर त्यांनी मला सुरी दिली नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणाले, तुझे हात तयार आहेत, आता तोंड तयार कर. वर्षभर पेशंटशी बोलायचं काम दिलं. काय झालंय ते सांगायचं, नातेवाईक रडतात ते ऐकायचं, परत सांगायचं. मला वाटलं शिक्षाच आहे. सुरी त्याच्यापेक्षा सोपी निघाली."

गाठींचं वेड मात्र त्यांना कायम राहिलं. सुट्टीच्या दिवशी त्या पूर्व भागातल्या एखाद्या मागाच्या कारखान्यात जाऊन उभ्या राहत. मागावर तुटलेला धागा कामगार दोन बोटांत कसा जोडतो ते बघत. मालकाला वाटायचं, सरकारी तपासणी आली. दुसरं वेड भाषांचं. आमच्याकडे निम्म्या घरांत तेलुगू, अक्कलकोटकडची माणसं आली की कन्नड. मॅडम दर आठवड्याला पेशंटकडून दोनचार शब्द शिकून घेत आणि लगेच दुसऱ्या पेशंटवर वापरत. "नोरु तेरवंडी," असं त्या म्हणायच्या, म्हणजे तोंड उघडा. उच्चार असा असायचा की म्हाताऱ्या बायकांना हसू फुटे आणि हसताना तोंड आपोआप उघडे.

"मी शिकते कशाला मग?" मॅडम म्हणत. "काम झालं ना?"

अशी ही बाई एकाच वेळी बसत असे.

त्यांच्या खोलीत एक बुटकं लोखंडी स्टूल होतं, पेशंटच्या खुर्चीपेक्षा चांगलं वीतभर खाली. ज्याला कॅन्सर झालाय त्याला ते सांगायची वेळ आली की त्या नातेवाइकांना बाहेर काढत, पेशंटला पाणी देत आणि त्या स्टुलावर बसत. मान वर करून पेशंटकडे बघत. दाराच्या काचेतून एवढंच दिसे. इस्माईलभाई माझ्या टेबलाशी येऊन हळूच सांगायचा, "ताई, मॅडम बैठ गए. फोन नक्को देव अंदर." हळूहळू सगळ्या दवाखान्यात तोच शब्द रुळला. मॅडम बसल्या, म्हणजे आत कुणालातरी कळतंय.

त्या आधी विचारत, "तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय?" मग जे असेल ते नाव घेऊन सांगत. गाठ, फोड, उष्णता, असले आडून आडून शब्द नाहीत. मग सांगत, यात माझं काम काय आणि तुमचं काम काय. पुढची तारीख त्या पेशंटच्या हातात देत. मुलाच्या नाही, सुनेच्या नाही.

यावरून रोज भांडणं होत. आपल्याकडे रीतच उलटी आहे. मुलगा आधी येतो, माझ्या टेबलावर वाकतो आणि सांगतो, "ताई, वडिलांना काही बोलू नका. साधा फोड आहे म्हणा." मला स्वतःला त्यात फारसं चूक वाटत नसे. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्हीही तेच केलं होतं. मॅडम मात्र ऐकत नसत. "पेशंट कोण आहे?" एवढंच विचारत.

नागम्मा आल्या त्या दिवशीही तसंच झालं. कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीतली बाई, साठीच्या पुढची. आयुष्यभर विड्या वळलेल्या, आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी. डाव्या गालाच्या आत जखम, हिरडीपर्यंत गेलेली. टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा मुलगा श्रीनिवास बरोबर होता. त्यानं माझ्यापुढे हात जोडले.

"ताई, आईला नको सांगू. भिऊन जाईल. फोड काढायचा म्हणून भरती करा, आम्ही सगळं करतो."

मॅडमनी त्याला बाहेर बसवला. थोड्या वेळानं इस्माईलभाई आला. मॅडम बसल्या होत्या.

काचेतून मला नागम्मांची पाठ दिसत होती. पाठ हलली नाही. नंतर मॅडमनी मला सांगितलं की नागम्मांनी एकच प्रश्न विचारला. गालाचा तुकडा काढणार, जबड्याचं हाड थोडं काढणार, छातीचं मांस लावणार, हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तोंड वाकडं होनार?"

"थोडं होईल," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या नातीचं लग्न हाय वैशाखात. रेणुकाचं."

"ऑपरेशन त्याच्या आधी करायला लागेल. वैशाखापर्यंत थांबलं तर हाड पूर्ण जाईल. गळ्यातही उतरेल."

"मग नको," असं म्हणून नागम्मा उठल्या. पुढच्या दारानं मुलगा दिसला असता म्हणून ड्रेसिंगच्या खोलीतून मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि एकट्याच रिक्षानं घरी गेल्या. श्रीनिवास बाकावर बसून राहिला होता.

त्यानं मॅडमना जिन्यापाशी गाठलं. त्या नेहमीप्रमाणे चालत होत्या, तो मागून बोलत होता.

"उभं राहून ऐका तरी," तो ओरडला.

मॅडम थांबल्या. मधल्या पॅसेजमध्ये त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"तुम्ही नसतं सांगितलं तर ती निमूट भरती झाली असती. आता ती मरणार. कुणामुळे मरणार सांगा."

"बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या पद्धतीनं त्या आज भरती झाल्या असत्या."

तो बावचळला. भांडायला आलेल्या माणसाला असं उत्तर नको असतं.

त्या दिवसापासून मॅडमची तगमग बघवत नव्हती. रोज सकाळी पहिला प्रश्न, "कुंभारी आली?" माणसाचं नाव नाही, गावाचं. ऑपरेशनला हात स्थिर, बाहेर आल्या की परत फेऱ्या. कप आता थेट गच्चीवर सापडायला लागले.

गुरुवारी मॅडम तारखा चुकवलेल्या पेशंटना शोधायला जात. ही त्यांचीच सुरू केलेली पद्धत. यादी मी करायची, रस्ता मी सांगायचा, गाडी त्या चालवायच्या, आणि चांगली हाकायच्या. त्या गुरुवारी यादीत सगळ्यात वर नागम्मा होत्या. अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "मॅडम, रागावू नका, पण खरं सगळ्यांनाच पेलत नाही."

मॅडम बोलल्या त्या दवाखान्यातल्या बोलीत नाही, घरच्या बोलीत.

"आमच्या दादाला गालातच झालता. माझ्या बापाला. मी मिरजंला दुसऱ्या वर्षाला. माझी परीक्षा म्हणून मला कळवलं न्हाय, आन् दादाला भ्याल म्हणून दादाला सांगितलं न्हाय. थोरल्या भावानं सांगितलं, उष्णता हाय, मशिनीचा शेक घेतला की जाईल. दादानं निम्मा शेक घेतला. ठणका कमी झाला. दिवाळी झाली आन् मेंढरं घेऊन गडी निघून गेला की, घाटाकडं, दरसालासारखा. त्याचं काय चुकलं? उष्णतेसाठी कोण मेंढरं सोडतंय?"

"मग परत बोलवायचं ना."

"काय म्हणून बोलवायचं? बोलवायचं तर खरं सांगायला लागतंय. भाऊ रोज म्हणायचा, आज माणूस धाडतो, उद्या धाडतो. मी परीक्षा देऊन घरी आले तवा कळलं. तशीच निघाले. फोन नव्हता कुणाकडं. फलटणच्या पुढं गावागावात इचारत गेले, वाडा कुटं बसलाय, वाघमोड्याची मेंढरं कुटं हायती. सापडला तवा गालाला आरपार भोक पडलं होतं. फडकं बांधून मेंढरं राखत होता."

समोरून ट्रक आला. त्यांनी गाडी खाली घेतली, परत वर घेतली.

"डॉक्टर म्हणाले, आता काय न्हाय. मग मी त्याला सांगितलं. रडला न्हाय, काय न्हाय. म्हणाला, आदी का न्हाय सांगितलं गं? मेंढरं चुलत्याकडं दिली असती की."

मग कुंभारी आली.

वसाहतीत एकसारखी घरं. प्रत्येक उंबऱ्यावर एक बाई, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. नागम्मा विड्या वळत होत्या. आमच्याकडे बघितलं आणि वळत राहिल्या. मॅडम उभ्या उभ्याच बोलल्या. जखम किती वाढेल, हाड कधी जाईल, उशीर केला तर काय करता येईल आणि काय येणार नाही, सगळं सांगितलं. नागम्मांनी तयार विड्यांचा जुडगा बाजूला ठेवला. "ऐकलं," म्हणाल्या. बस्स. आम्ही परत आलो.

मॅडम पुढच्या गुरुवारपर्यंत थांबल्या नाहीत. सोमवारी दुपारी ऑपरेशन संपवून आल्या आणि म्हणाल्या, "मंगलताई, चला." नागम्मांच्या दारात पोचल्यावर बूट काढले आणि उंबऱ्यावर बसल्या. खरोखरच बसल्या. शेजारच्या बायका बघायला लागल्या. मी आपली रस्त्यात उभी.

बराच वेळ त्या नुसत्या नागम्मांच्या बोटांकडे बघत होत्या. मग सुपातलं एक पान घेतलं, गुंडाळलं, दोरा घेतला आणि त्यांची ती एका हाताची गाठ मारली. नागम्मांनी विडी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"सुटनार न्हाई," त्या म्हणाल्या. "पन पान फाटलं. लई घट्ट मारते तू."

"सवय आहे."

"माणसाला पन अशीच मारते का?"

"तसंच म्हणतात सगळे," मॅडम म्हणाल्या. मग विचारलं, "नागम्मा, तुम्हाला भीती कशाची वाटते?"

नागम्मांनी आत घरात बोट दाखवलं. समोरच्या भिंतीवर लग्नाचे फोटो होते. नवऱ्याच्या शेजारी तरुण नागम्मा, श्रीनिवासच्या लग्नातल्या जाड नागम्मा.

"मरायचं भ्या न्हाई. म्हातारी झाले की. रेणुकाचा फोटो तिथं लागनार. मी न्हाई तर लोक म्हनतील आजी कुठं हाय. मी बसले वाकडं तोंड घेऊन, तर जलमभर पोरगी तेच बघनार. तू खरं सांगितलं, मी पन खरं सांगितलं."

जगण्यामरण्याचं सगळं मॅडम तयारीनं बोलल्या होत्या, फोटोचा विषय कुणी काढलाच नव्हता.

"मग फोटो आधी काढू," त्या म्हणाल्या आणि उठल्या. एका पायात बूट घालत श्रीनिवासला फोन लावला.

लग्न पंधरवड्यात करायचं ठरलं. निदान आमच्या बाजूनं तरी. नवऱ्यामुलाचं घर पूर्व भागात. श्रीनिवास, नागम्मा, मॅडम आणि मी, असे गेलो. श्रीनिवासनं रस्त्यात कारण तयार केलं होतं. मुलाच्या आईनं चहा दिला आणि सरळ विचारलं, "एवढी घाई का? पोरीचं काही आहे का?"

"नाही नाही," श्रीनिवास म्हणाला. "हॉल मिळतोय. नंतर हॉल मिळायचा नाही, गर्दी..."

त्या बाईच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती हॉलवर विश्वास ठेवत नाही. लग्न मोडायच्या बेतात आलं होतं. मॅडम खिडकीशी उभ्या, आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. हे त्यांना किती अवघड गेलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण त्या खिडकीच्या पडद्याच्या दशांना गाठी मारत होत्या.

नागम्मांनी श्रीनिवासचा हात बाजूला केला. "त्याचं नको ऐकू. मला कॅन्सर झाला. हितं." त्यांनी गालावर बोट ठेवलं. "ही बाई कापनार. त्याच्या आधी मला पोरीच्या लग्नात नीट बसायचं हाय. पोरीचं काय न्हाई, माझं हाय."

नवऱ्यामुलाच्या आईनं पदरानं हात पुसले. तेलुगूत काहीतरी बोलली, आणि मग आमच्यासाठी मराठीत. "माझ्या जावेला पण झाला होता. आम्ही कुणालाच सांगितलं नाही. तिला पण नाही." मग नागम्मांकडे वळली. "तारीख सांगा तुम्ही."

परतताना मॅडम गाडी हळू चालवत होत्या. मी मागे बसून कामं लिहायला घेतली होती. माझ्या मनात एवढंच आलं की नागम्मांना फोड म्हणून भरती केलं असतं, तर हे लग्न अलीकडे आणायचं कारण कुणाकडेच नसतं. आपल्याला काय झालंय ते कळलं, म्हणून त्या बाईला आपल्या कामांचा क्रम लावता आला. हे मला कुणी समजावून सांगितलं असतं तर मी मान डोलवून विसरले असते.

यादीत मी फोटोग्राफर सगळ्यात वर लिहिला.

लग्न कुंभारीतच झालं, वसाहतीच्या मोकळ्या जागेत. नागम्मांनी हिरवी इरकली नेसली होती. फोटोग्राफरला त्यांनी इतकं कामाला लावलं की तो कुरकुरायला लागला, "आजी, नवरीचे पण काढू द्या." मॅडम ताट हातात घेऊन उभ्यानं जेवल्या. जेवता जेवता नवऱ्यामुलाच्या मामाला त्यांनी मांडवाच्या खांबाशी नेऊन आ करायला लावलं. चौथ्या दिवशी नागम्मा स्वतःची पिशवी घेऊन भरती झाल्या. ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दिवेलागणीला संपलं. मॅडम बाहेर आल्या, श्रीनिवासला म्हणाल्या, "कडा स्वच्छ मिळाल्या, मागे काही राहिलं नाही," आणि चालायला लागल्या. या वेळी तो त्यांच्याबरोबर चालला, जिन्यापर्यंत.

तोंड वाकडं झालंच. बोलणं थोडं बोबडं झालं. पण नागम्मांच्या भिंतीवर मोठा फोटो लागला, त्यात नवरानवरी जरा कडेला आणि मधोमध आजी. तपासणीला त्या दर वेळी यायच्या, कुरकुरत यायच्या. "ही बाई मला सोडत न्हाई," असं सगळ्या ओपीडीला सांगायच्या. मॅडम म्हणायच्या, "नोरु तेरवंडी." नागम्मा म्हणायच्या, "आधी नीट बोलायला शिक."

दोन वर्षांनी मॅडमनी सांगितलं की त्या जाणार. नातेपुत्याला दोन मित्रांबरोबर छोटा दवाखाना काढणार होत्या. तिकडचे पेशंट आमच्यापर्यंत पोचायचे तेव्हा फार उशीर झालेला असायचा, हे त्यांना कायम सलत होतं. मी थांबवायचा प्रयत्न केला नाही. त्यांना थांबवणं माझ्या कामांत बसत नव्हतं.

जायच्या दिवशी सकाळी त्या सगळ्यांना भेटल्या. नव्या डॉक्टरांना, एका शांत तरुण माणसाला, स्टूल दाखवलं. "याचे पाय कापू नका, वाढवूही नका," म्हणाल्या. गाडी खच्चून भरलेली. मागच्या काचेशी काळं घोंगडं, पुढच्या सीटवर कुकर आणि डबे. निघताना त्यांनी माझ्या टेबलावर नजर टाकली.

"आज कुंभारी होती ना?"

"आल्या नाहीत अजून. मी फोन करते. तुम्ही निघा, ऊन वाढेल."

"बरं," म्हणाल्या.

एवढ्या निमूट 'बरं' म्हणाल्या तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्यांना मोहोळच्या रस्त्याला लागायचं होतं, म्हणजे फाटकातून उजवीकडे. गाडी डावीकडे वळली, अक्कलकोट रस्त्याकडे.

ओपीडी संपत आली तेव्हा नागम्मा दारात उभ्या. केस विंचरलेले, चेहऱ्यावर राग, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला कुकर.

"ती जानार म्हनून कळलं," त्या मला म्हणाल्या. "ती न्हाई तर मी कशाला येऊ? म्हनून बसले घरी. आली आनि गाडीत घातलं. जागा न्हाई, मांडीवर हे दिलं. खाली ठेवू का कुठं?"

"मॅडम कुठे आहेत?"

"गेटाबाहेर. आत येत न्हाई. म्हनते, आता माझी ओपीडी न्हाई."

कुकर कुणाच्या हातात द्यायला त्या तयार नव्हत्या. तसाच मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. नव्या डॉक्टरांनी बॅटरी लावली आणि मॅडमसारखंच काहीतरी तेलुगूत म्हणायचा प्रयत्न केला. नागम्मांनी माझ्याकडे बघितलं, "ह्याला पन येत न्हाई," असं म्हणाल्या आणि तोंड उघडलं. डॉक्टरांनी गाल बघितला, हिरडी बघितली, मानेवरून बोटं फिरवली. वेळ घेतला.

"साफ आहे," ते म्हणाले.

मी कुकर घेऊन फाटकाकडे गेले, जवळजवळ पळतच. मॅडम गाडीबाहेर उभ्या होत्या, इंजिन चालू.

"साफ," मी लांबूनच म्हटलं.

त्यांनी मान हलवली. कुकर घेतला, डब्यांमध्ये कोंबला.

"पुढची तारीख?"

"तीन महिन्यांनी. लिहून दिली."

"कुणाच्या हातात?"

"त्यांच्याच."

"हां," म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.

या वेळी उजवीकडचा दिवा लुकलुकला. मी फाटकातच उभी राहिले. गाडी कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत गेली आणि थांबली. पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, बराच वेळ काही हललं नाही. मग मॅडमचं दार उघडलं. त्या बाहेर आल्या, भर रस्त्यात, एक हात दारावर, टाचा उंचावलेल्या, आणि पुढे काय अडलंय ते बघायला लागल्या. मागून हॉर्न वाजत होते. त्या तशाच उभ्या होत्या.